विश्वाचा आकार आणि मामांची झडप

बंगळूर, १२ जुलै २०२५

प्रिय मामा,

जयभीम. फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "कसे आहात?" "बरा आहे." "जेवलात?" "हो." "मामीला देऊ?" संपलं. पोस्टात सॉर्टिंगला आयुष्य काढलेला माणूस फोनवरचं बोलणं हिशेबात धरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. ते उघडण्याआधी तुम्ही शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं असणार, हेही माहीत आहे.

मुद्द्यावर येते. परवा मामी म्हणाली, "तुहे मामा जिना चढतानी अर्ध्यात बसून रायले." मग म्हणाली की डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या आणि हृदयाच्या ऑपरेशनचं काहीतरी निघालं. पुढे विचारलं तर ती एकदम वांग्याच्या भावावर घसरली. तुम्ही शेजारी येऊन बसला असणार.

मला सरळ सांगा. ऑपरेशन कसलं, कधी, आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाले? आई गेल्यावर तुम्ही दोघांनीच मला वाढवलं. तेव्हा हे विचारायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कोणाचा नाही.

माझं इथे बरं चाललंय. आमचा गट विश्वाचा आकार मोजतो. आतापर्यंत तरी ते सपाट दिसतंय. पण तुम्हाला त्यात काय रस असणार! तब्येतीचं लिहा.

तुमची वैभवी


नागपूर, २० जुलै २०२५

चि. वैभू,

मामाचा जयभीम आणि मामीकडून गालाचा पापा. पत्र पोचलं. शिक्का अर्धाच उमटला आहे. बंगळूरच्या पोस्टात शाईची काटकसर चालू आहे वाटतं.

तब्येतीचं असं, की हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप आखडली आहे. वय झालं की दाराच्या बिजागऱ्या आखडतात, तसंच. कधीतरी बदलावी लागेल म्हणाले. कधीतरी म्हणजे कधीतरी. तुझी मामी राईचा पर्वत करते, तुला ठाऊक आहे. हा विषय इथे संपला.

आता माझं ऐक. विश्व सपाट आहे, आणि मला त्यात रस नसणार? कोणी सांगितलं तुला? इथे वर्षावास सुरू झाला आहे. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी आपल्या इंदोऱ्याच्या विहारात धम्मग्रंथाचं वाचन मीच करतो. परवा वाचन झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमची वैभवी म्हणते, विश्व सपाट आहे." रंभाबाई लगेच म्हणाली, "म्हंजे पोईसारखं का भाऊ?" आणि धोंडबा, माझ्याबरोबर पोस्टात होता तो, सगळ्यांसमोर म्हणाला, "अन् काठावर कोन उभं रायते गा?" सगळं विहार हसलं. मी पुस्तक मिटून घरी आलो.

तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात आहे. सपाट म्हणजे काय? आणि विश्वाच्या बाहेर जाऊन ते सपाट आहे की गोल हे पाहिलं कोणी? आम्ही तर सगळे आतच आहोत. नीट समजावून लिही. मी बी.ए. आहे, पण विहारात सगळे बी.ए. नाहीत.

तुझा मामा
चंद्रभान


बंगळूर, २९ जुलै २०२५

प्रिय मामा,

इतकी वर्षं मी हे काम करते आहे. घरातल्या माणसाने पहिल्यांदा विचारलं की ते काय आहे! तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि चहा गार करून बसले. आता लांबलचक लिहिणार आहे, तक्रार करायची नाही.

रंभाबाईंना सांगा, पोळीसारखं नाही. पोळी पातळ असते. विश्व पातळ नाही. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, सगळीकडे पसरलेलं आहे. सपाट म्हणजे एवढंच, की त्यात कितीही मोठा त्रिकोण काढला तरी शाळेत शिकलेला नियम पाळला जातो. तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश.

तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. बाहेर जावं लागत नाही, यातच तर सगळी मजा आहे. मामीचं एखादं मोठं कोहळं घ्या. त्याच्यावर तीन टाचण्या टोचा आणि दोरा ताणून त्रिकोण करा. कोन मोजा. बेरीज एकशे ऐंशीच्या वर जाईल, कारण कोहळं फुगीर आहे. तेच मोटारसायकलच्या सीटवर करा, जिथे ती पुढे-मागे उचललेली असते आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेली असते. बेरीज कमी भरेल. म्हणजे कोहळ्यावर राहणाऱ्या एखाद्या किड्याला कोहळ्याबाहेर उडी मारायची गरज नाही. बसल्या जागी कोन मोजले की आपलं घर फुगीर आहे हे त्याला कळतं.

तुम्ही सीताबर्डीला जाताना झिरो माईलच्या खांबावरून जाता ना? तो रोवणाऱ्या मोजणीदारांनी एकेकाळी सगळा देश अशाच त्रिकोणांनी मोजला. आम्ही त्यांचेच भाऊबंद. फक्त आमचे त्रिकोण जरा मोठे आहेत.

आणि मामा, "कधीतरी" म्हणजे कोणता महिना? तेवढं लिहा.

वैभवी


नागपूर, १२ ऑगस्ट २०२५

चि. वैभू,

आधी अहवाल देतो. तुझं पत्र विहारात वाचून दाखवलं. कोहळ्यावर दोऱ्याचा त्रिकोण काढला, तो सगळ्यांना पटला. नंतर मामीने त्याच कोहळ्याची भाजी केली. टाचणीची भोकं दिसत होती, पण चव चांगली होती.

पण आमचा सुशील, विहाराचा सेक्रेटरी, पक्का वकिली डोक्याचा. तो म्हणाला, "काका, कोहळ्याचं समजलं. विश्वाचं कोनं मोजलं?" मला राग आला. मोजायला लागतं काय? तीन माणसं, तीन आरसे आणि तीन कोनमापक. धोंडबाच्या नातवाच्या वर्गातून कोनमापक मागवले. धोंडबा गांधीबागेत कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर, सुशील सदरला त्याच्या ऑफिसच्या गच्चीवर आणि मी सीताबर्डीला मेट्रो स्टेशनच्या वरच्या मजल्यावर. ऊन पडलं की प्रत्येकाने आरसा चमकवायचा. बाकी दोघांची चमक जिथे दिसेल त्या दोन दिशांमधला कोन मोजायचा आणि फोनवर सांगायचा.

दोन दिवस ढगांनी दम काढला. तिसऱ्या दिवशी ऊन आलं. मेट्रोच्या पहारेकऱ्याने मला हटकलं, "काका, आरसा घेऊन काय करून राहिले?" मी म्हटलं, "विश्व मोजून राहिलो." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "मोजा, पण त्या पिवळ्या पट्टीच्या मागं उभे राहा." भला माणूस. तिकडून धोंडबाचा फोन, "अबे चंद्रभान, खालून लोक इचारून रायले, म्हातारा वर काय पतंग उडवते का? काय सांगू गा?" मी म्हटलं, आरसा सरळ धर.

तर बेरीज आली एकशे एक्क्याण्णव. म्हणजे विश्व कोहळ्यासारखं आहे आणि तुमचं सपाट चुकलं! विहारात मी हे जाहीर करून टाकलं आहे. तुमच्या साहेबांना कळव, माझं नाव घातलं तरी चालेल.

परत येताना पायऱ्यांवर जरा बसलो. उकाडा फार होता.

ऑपरेशनचं वर्षावास संपल्यावर पाहू. वाचन अर्ध्यावर टाकता येत नाही, आणि धम्मचक्र दिनाला आपल्या गल्लीत बाहेरगावच्या लोकांसाठी जेवणाचा स्टॉल असतो. तिथे मी नको का?

तू मात्र लवकर उत्तर दे. मी वाट पाहतो आहे.

मामा


बंगळूर, २० ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

एकशे एक्क्याण्णव! मी तो परिच्छेद गटात मोठ्याने वाचला, मराठीतून इंग्रजीत सांगत सांगत. आमचे सर डोळे पुसत होते. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी 'नागपूर: १९१' असं लिहून ठेवलंय आणि कोणी पुसायचं नाही अशी ताकीद दिली आहे.

पण विहारातली घोषणा मागे घ्या. धोंडबाकाकांचा हात थरथरतो, कोनमापक प्लॅस्टिकचा आणि आरशाची चमक पसरट. अकरा अंश त्यातच गेले. समजा सगळं अचूक मोजलं असतं तरी तुमचा त्रिकोण फार लहान आहे. मोठ्या कोहळ्यावरचा मोहरीएवढा तुकडा सपाटच दिसणार. विश्वाचा बाक कळायचा तर त्रिकोणही विश्वाएवढा लागतो.

तो आम्हाला सापडला कसा, ते सांगते. फार पूर्वी विश्व तापलेलं आणि गढूळ होतं, उजेडाला वाट नव्हती. मग ते निवळलं. तेव्हा सुटलेला उजेड अजून आपल्यापर्यंत येतोय. त्याला निघून तेराशे ऐंशी कोटी वर्षं झाली. त्या उजेडात कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी तापलेले डाग आहेत. ते डाग मुळात किती मोठे असणार हे गणिताने काढता येतं आणि ते किती लांब आहेत हेही. म्हणजे एका लांबच लांब त्रिकोणाचा पाया कळला, बाजू कळल्या. राहिला फक्त आपल्या डोळ्यापाशी होणारा कोन. विश्व कोहळ्यासारखं असतं तर डाग मोठे दिसले असते. सीटसारखं असतं तर बारीक. आकाशात उपकरणं पाठवून मोजलं, तर डाग साधारण एक अंशाचे निघाले. पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवल्यावर जेवढे होतील तेवढे. शाळेची भूमिती हेच सांगते. म्हणून आम्ही सपाट म्हणतो, आणि मोजमापात जेवढी चूक असू शकते तेवढी कबूलही करतो.

यात एक गोष्ट अजून कोणाला नीट उलगडलेली नाही. आज विश्व इतकं सपाट असायचं तर सुरुवातीला त्यातला ऐवज आणि त्याचा पसरण्याचा वेग यांचा तोल विलक्षण बारीक जमलेला असायला हवा. तो जरा ढळला असता तर सगळं केव्हाच कोसळलं असतं, नाहीतर इतकं विरळ झालं असतं की तारेच जमले नसते. तो तोल जमला कसा यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

मामा, तुम्हाला लिहिताना मला माझंच काम नव्याने कळतंय. वर्षावासापर्यंत थांबायला डॉक्टर हो म्हणाले आहेत ना? ते म्हणाले असतील तर माझी हरकत नाही.

वैभवी


नागपूर, ३० ऑगस्ट २०२५

चि. वैभू,

हो, डॉक्टरांना विचारलं आहे. त्यांची काही हरकत नाही.

तुझं पत्र विहारात वाचलं. दोन चंद्रांचं ऐकून रंभाबाई उठून दारातून आभाळाकडे पाहून आली. मी घोषणा मागे घेतली. धोंडबाने मात्र हात थरथरतो हे मान्य केलं नाही. "तुहाच आरसा वाकडा होता," म्हणाला. फळ्यावर नागपूरचं नाव आहे हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

सपाट पटलं. पण धोंडबाचा पहिल्या दिवशीचा प्रश्न तू टाळलास, बेटा. काठ. विश्वाला काठ आहे की नाही? हे कुठेतरी संपतं, की संपतच नाही?

मी हा प्रश्न विहारातल्या भंतेजींना विचारला. ते म्हणाले, हाच प्रश्न लोकांनी तथागतांना विचारला होता, जगाला अंत आहे की नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला हे माहीत होतं, वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. पण त्या काळी दुर्बिणी नव्हत्या. तुझ्याकडे आहेत, ते तेराशे कोटी वर्षांचं सगळं आहे. मला उत्तर पाहिजे, वैभू. गंमत करत नाही. हे कळल्याशिवाय माझं दुसऱ्या कशात मन लागणार नाही.

लवकर लिही. लांब लिहिलंस तरी चालेल.

मामा


नागपूर, ३ सप्टेंबर २०२५

वैभू,

तुह्या मामीचा जयभीम. मी बोलून रायली अन् शेजारच्या इंदुताई लिहून रायल्या. त्यायले म्या सांगतलं, जसं बोलते तसंच लिहा. फोनवर सांगता येत नाही, कारन फोन वाजला का हे बाजूले येऊन बसते.

तुहे मामा तुले खोटं लिहून रायले. डॉक्टरनं 'कधीतरी' नाही म्हनलं. जुलैतच म्हनलं, महिन्याभरात करा, नाहीतर एखाद्या दिवशी चालता चालता पडतीन अन् उठनार नाही. अन् मेट्रोवर 'जरा बसलो' लिहिलं ना त्यायनं? बसले नाही, पडले. पायऱ्यावर. त्या पहारेकऱ्यानं पानी शिंपडलं, ऑटोत घातलं. खिशात तुहं पत्र होतं, त्याच्यावरचा पत्ता वाचून घरी आनलं त्यानं. म्या पाह्यलं तं तोंड पांढरंफटक.

त्याच्यानंतर डॉक्टरनं दोनदा तारीख देल्ली. पयल्या खेपेले म्हनते, वैभवीले आकडा कळवला हाये, उत्तर येऊ दे. उत्तर आलं. वाचून दिवसभर खुश. म्या म्हनलं, चला आता. तं म्हनते, आता नवा प्रश्न टाकला हाये. अवं, हे पोस्टातलं मानूस, याले जिंदगीभर पत्र येतच रायनार! अन् तू बी लांब लांब लिहून रायली. मले वाटलं तुले सगळं मालूम हाये अन् तरी लिहून रायली. मले तुहा बहुत राग आला, वैभू.

(हे वाक्य गाळा म्हटलं होतं, ऐकत नाहीत. — इंदुताई)

मले त्या विश्वाचं काही समजत नाही. ते सपाट असो का गोल असो. मले हे मानूस घरात पायजे. जिन्यात यायच्या चपलेचा आवाज थांबला का माह्या हातातलं लाटनं थांबते. तवा म्या कान लावून उभी रायते.

(इथे पंचफुलाबाई उठून जिन्यापर्यंत जाऊन आल्या. — इंदुताई)

तू काहीतरी कर. तुहं ऐकते ते. माहं नाही ऐकत.

मामी


बंगळूर, ८ सप्टेंबर २०२५

मामा,

मामीचं पत्र आलं. तिच्यावर आवाज चढवलात तर माझ्याशी गाठ आहे.

मी रागावले आहे. तुमच्यावर, आणि तेवढीच माझ्यावर. तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होता आणि मी त्या धुळीतही खुशीत होते. घरातून कोणीतरी माझ्या कामाबद्दल विचारतंय, या आनंदात मी तारखा पाहिल्या नाहीत. तुम्ही पायऱ्यांवर "जरा बसलो" लिहिलंत आणि मी ते वाचून पुढच्या ओळीवर गेले. हे माझ्या मनातून जात नाहीये.

आता ऐका. बाण लागलेल्या माणसाची गोष्ट तुम्ही दर वर्षावासात वाचता. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी ती ऐकली आहे. माणसाला विषारी बाण लागतो. वैद्य येतो. जखमी म्हणतो, थांबा, आधी सांगा हा बाण कोणी मारला, तो उंच की बुटका, धनुष्य कुठल्या लाकडाचं. हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही. जगाला अंत आहे का असं विचारणाऱ्यालाच तथागतांनी ही गोष्ट सांगितली होती ना? ती मोठ्याने वाचून लोकांना समजावणारा माणूस स्वतः तेच करतोय! झडप आखडली आहे, डॉक्टर उभा आहे, आणि चंद्रभान मामा म्हणतात, आधी काठ आहे का ते सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. छोटंसं आहे, एका ओळीत मावेल. पण ते मी पोस्टाने पाठवणार नाही. फोनवरही सांगणार नाही. तुम्ही तारीख घ्या, मी रजा घेते. तुम्ही आत असाल तेवढा वेळ मी बाहेर बसेन. तुम्ही शुद्धीवर आलात की विचारा, मी सांगेन. दुसरा कुठलाही रस्ता नाही.

मला तुमची फार काळजी वाटते, मामा. मला बाबा आठवत नाहीत, तुम्ही आठवता.

तुमचीच
वैभू


नागपूर, १३ सप्टेंबर २०२५

चि. वैभू,

पत्र वाचून आधी राग आला. तीस वर्षं जी गोष्ट मी लोकांना वाचून दाखवतो ती तू माझ्याच अंगावर उलटवलीस. मग हसू आलं. मग मी पत्र घडी घालून बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. मामी दोनदा येऊन पाहून गेली. तिच्यावर आवाज चढवला नाही, तुझी शपथ.

आता खरं लिहितो, कारण बोलून दाखवणं मला जमणार नाही.

तुझ्या आईला, माझ्या कौसल्येला, ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा ती हसत गेली होती. मी बाहेर होतो. तू बारा वर्षांची, बाकड्यावर बसून पाय हलवत होतीस. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. माझ्या तोंडावरून तुला कळलं. तुझा त्या वेळचा चेहरा मी अजून विसरू शकलेलो नाही.

आत जायची भीती वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटते. पण त्याहून जास्त भीती ही, की तू पुन्हा त्या बाकड्यावर बसशील, डॉक्टर बाहेर येतील, आणि या वेळी तू वळून पाहशील तर तिथे मी नसेन. म्हणून तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून तारखा टाळल्या.

प्रश्न मात्र खोटे नव्हते, बेटा. आत्मा नाही, मेल्यावर पुढे काही नाही, हे मी जन्मभर लोकांना ठासून सांगत आलो आणि आजही तेच मानतो. पण झडपेचं कळल्यावर वाटलं, हे सगळं केवढं आहे, कुठे संपतं, एवढं तरी कळून घ्यावं. कळलं तर धीर येईल. तुझं पत्र आलं की खरंच धीर यायचा. दोन दिवस टिकायचा, मग पुन्हा नवा प्रश्न लिहायला बसायचो.

तारीख घेतली आहे, बावीस सप्टेंबर. डॉक्टर मला रागावले, मी ऐकून घेतलं. वाचन सुशीलकडे सोपवलं आहे. तो घाईघाईने वाचतो, पण चालवून घेऊ. मामीला तारीख सांगितली तर ती आधी भांडली आणि मग माझ्या डोक्याला तेल लावत बसली.

तू ये. पण बाकड्यावर बसू नको. खाली कँटीनमध्ये बस.

मामा


नागपूर, १२ ऑक्टोबर २०२५

चि. वैभू,

तू काल गेलीस आणि आज पत्र लिहायला बसलो. मामी म्हणते, वीस दिवस समोर होती तेव्हा काय तोंड शिवलं होतं? पण समोर असताना बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

टाके भरत आले आहेत. अंगणापासून नळापर्यंत चालतो. दम लागत नाही. पूर्वी किती दम लागत होता ते आता कळतं. धम्मचक्र दिनाला घरातच होतो. धोंडबाने माझ्या जागी स्टॉल सांभाळला आणि वरणात मीठ दोनदा घातलं, असं स्वतःच येऊन सांगून गेला.

त्या दिवशी शुद्धीवर आलो तेव्हा आधी तू दिसलीस. नळ्या होत्या, आवाज धड निघत नव्हता. तू वाकून कान जवळ आणलास. तुला वाटलं मी काठाचं विचारणार, तशी तू तयारच होतीस. आणि मी विचारलं, "जेवलीस का?" तू तिथेच रडायला लागलीस, नर्सने तुला बाहेर काढलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मामीने नंतर सांगितलं की तू सकाळपासून बाकड्यावरून उठली नव्हतीस. कँटीनमध्ये बस म्हणून मी एवढं लिहिलं होतं, तर ऐकलं नाहीस. मामासारखीच हट्टी निघालीस.

चौथ्या दिवशी तूच विचारलंस, "मामा, उत्तर नको का?" मी म्हटलं, सांग. तू म्हणालीस, "माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. सपाट असलं तरी ते न संपणारं असेल, नाहीतर काठ नसूनही कुठेतरी स्वतःलाच येऊन मिळत असेल. आपल्यापर्यंत जेवढा उजेड पोचला तेवढंच आपण पाहतो, त्याच्या पलीकडचं दिसत नाही." मी म्हटलं, हे सांगायला बंगळूरहून आलीस? तू म्हणालीस, "हे पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग कळेपर्यंत थांबतो." मी इतका हसलो की टाके ओढले गेले आणि नर्स आपल्या दोघांना रागावली. पण खरं सांगू, तसंच म्हणालो असतो.

कालपासून एक विचार करतो आहे. उत्तर मिळालं नाही तर फार वाईट वाटेल असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. तू खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचीस आणि मामी तुझ्या अंगावर चादर सरकवायची. ते पाहताना मला काठाबिठाची आठवणसुद्धा झाली नाही.

तुमच्या लोकांना माझा जयभीम सांग. म्हणावं, शोधा सावकाश, कितीही वर्षं लागू देत. तुझं पत्र आलं की मामी हाक मारते आणि मी जिना उतरून स्वतः घ्यायला जातो. मी आहे.

तुझा मामा
चंद्रभान